चित्राला पळवाट नसते : मुलांसाठी इतिहासाची सचित्र पुस्तकं करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : प्राचीन इजिप्तवरच्या पुस्तकाचा मजकूर तज्ज्ञांनी तपासून दिला होता. तरीही छपाईनंतर चित्रांत चुका निघाल्या. असं का व्हावं?

उत्तर : मजकूर माहीत नसलेली गोष्ट गुपचूप वगळू शकतो, चित्राला ती सोय नाही. ‘कामगार दगड ओढत होते’ एवढं लिहायला एक संदर्भ पुरतो. तेच काढायला बसलं की दोर कशाचा, पायांत काही आहे का, केस कसे, मागे झाड कोणतं, हे सगळं ठरवावंच लागतं. त्यामुळे तपासलेला मजकूर हाती असला तरी चित्राचं संशोधन वेगळं करावं लागतं.

पेन्सिलीचं रेखाटन झालं की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. वहीत क्रमांकापुढे तीन रकाने करा : पुरावा कोणता, तो कोणत्या काळाचा, कोणत्या ठिकाणचा. घसरण होते ती बहुतेक दुसऱ्या रकान्यात. खुफू या इजिप्तच्या राजाचा पिरॅमिड इ. स. पू. २५६०च्या सुमाराचा आणि तुतनखामून या नंतरच्या राजाच्या थडग्यातले रथ त्यानंतर सुमारे १,२०० वर्षांनी आलेले. दोन्ही ‘प्राचीन इजिप्त’च, म्हणून चित्रकार ते बिनदिक्कत एका पानावर आणतो. पिरॅमिड बांधला जात होता तेव्हा इजिप्तमध्ये घोडेच नव्हते. पिरॅमिड नुकताच पूर्ण झाल्याचं दृश्य असेल, तर आज दिसणारा पायऱ्यापायऱ्यांचा पिवळसर ढीगही चालणार नाही. त्यावर तुरा या गावच्या खाणीतल्या पांढऱ्या चुनखडीचं गुळगुळीत आवरण होतं आणि उंची सुमारे १४६ मीटर होती.

इतर देशांच्या चित्रांतही ठरलेल्या चुका आहेत. रोमन स्वाराच्या पायाला रिकीब, रोमन स्वयंपाकघरात टोमॅटो, पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे (ते रंगवलेले असत) आणि शिंगांचं शिरस्त्राण घातलेले व्हायकिंग. ही शिंगं रुजवण्यात १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइथला झालेल्या, वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरातल्या वेशभूषेचा मोठा हात आहे. आधीच्या पुस्तकातलं चित्र हा पुरावा धरू नये, तो याचसाठी.

तज्ज्ञांना दाखवायचं ते पेन्सिलीचं रेखाटन. रंगवलेलं चित्र समोर आलं की भली माणसं संकोचाने ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात. शिवाय ‘सगळं बरोबर आहे ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘क्रमांक ७चं भांडं या शतकात चालेल का?’ असं विचारलं, तर उपयोगी उत्तर मिळतं.

प्रश्न : मोहेंजोदडोच्या घरांची छपरं, माणसांचे कपडे यांबद्दल फारच थोडं कळतं. मग पूर्ण दृश्य काढायचं कसं?

उत्तर : आधी पक्कं काय आहे ते मांडा. विटांचं प्रमाण १:२:४. महास्नानगृहाचं कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि सर्वांत खोल भागी २.४ मीटर. ‘पुरोहित राजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूर्तीच्या वस्त्रावर त्रिदलांची नक्षी आहे आणि त्या त्रिदलांत लाल रंगाचे अंश मिळाले आहेत. एका वस्त्राची सोय झाली!

उरलेल्याचा प्रश्न बराचसा कोन निवडून सुटतो. दृश्य गल्लीतून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं, तर छप्पर चौकटीबाहेर जातं. वरून घ्यायचं असेल तर घर आडवं कापून दाखवा. तरीही अंदाजाचा भाग उरलाच, तर तो न रंगवता नुसत्या रेषेत ठेवा आणि ‘रेषेतला भाग अंदाजाने काढला आहे’ अशी ओळ त्याच पानावर द्या. मुलांना ही गंमत वाटते. शेवटच्या पानावरच्या टिपा मात्र कोणी वाचत नाही.

मापाकडेही लक्ष हवं. नर्तिकेची ब्राँझची मूर्ती जेमतेम १०.५ सेंटिमीटरची आहे. ती पानभर छापली की मुलं तिला पुरुषभर उंचीची समजतात. शेजारी हाताचा पंजा काढला की काम भागतं.

प्रश्न : कालरेषा दोन पानांत बसत नाही. मधला भाग दाबून चालेल का?

उत्तर : न सांगता दाबू नका. १ सेंटिमीटरला १०० वर्षं धरली, तर इ. स. पू. ३००० ते इ. स. २००० या रेषेला ५० सेंटिमीटर लागतात आणि ए-४च्या जोडपानाला मिळतात ४२. एकतर घडीचं पान जोडा, नाहीतर १ सेंटिमीटरला १२५ वर्षं धरा. खुफूचा पिरॅमिड आणि क्लिओपात्रा यांच्यातलं अंतर हे क्लिओपात्रा ते आज या अंतरापेक्षा मोठं आहे. मुलांना हे फक्त रेषेवरच दिसतं आणि दाबलेल्या रेषेवर नेमकं तेच नाहीसं होतं. एखादा तुकडा कापावाच लागला तर तिथे नागमोडी खूण करा. हिशेबात शून्य वर्ष धरू नका, इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येतं.

प्रश्न : जोडपानाच्या मधोमध काढलेला राजा बांधणीत चेपला आणि रात्रीचं दृश्य नुसतं काळं छापलं गेलं.

उत्तर : गोंदाच्या बांधणीत प्रत्येक पानाचे ५ ते १० मिलिमीटर घडीत जातात. चेहरे, हात, अक्षरं घडीपासून दोन्ही बाजूंना किमान १५ मिलिमीटर दूर ठेवा. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक जास्त सपाट उघडतं. ए-४च्या जोडपानासाठी कडेची ३ मिलिमीटर कापणी धरून फाइल ४२६ × ३०३ मिलिमीटरची करा. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ते सुमारे ५,०३० × ३,५८० पिक्सेल होतात.

रात्रीच्या दृश्यात छपाईच्या चारही शाया (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) भरभरून वापरल्या की छटा एकमेकींत मिसळतात. साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २८०च्या आत ठेवा, मधल्या छटा पडद्यावर दिसतात त्याहून उजळ करा आणि नमुना त्याच कागदावर मागा.

मजकूर चित्रात मिसळू नका. तो वेगळ्या थरावर, फक्त काळ्या शाईत असला, तर दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी छपाईची एकच, काळ्या शाईची प्लेट बदलावी लागते. गडद चित्रावर पांढरी अक्षरं ठेवलीत तर चारही बदलाव्या लागतात.

प्रश्न : संग्रहालयातल्या वस्तूचा फोटो पाहून चित्र काढलं तर परवानगी लागते का?

उत्तर : वस्तू हजारो वर्षं जुनी असली तरी फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असू शकतो. त्याचाच कोन आणि त्याचीच छाया-प्रकाशाची मांडणी जशीच्या तशी उतरवली, तर अडचण येऊ शकते. तीन-चार वेगवेगळे फोटो आणि मोजमापं घेऊन स्वतःचा कोन बांधा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७पासून, हक्कांची मुदत संपलेल्या आपल्या संग्रहातल्या कलाकृतींचे बरेच फोटो मुक्त वापरासाठी खुले केले आहेत. तिथे वस्तूच्या पानावर मापंही असतात, ती वहीतल्या पुराव्याच्या रकान्यात लगेच उतरवून ठेवा.