जिवाणू खत दिलं तर मक्याचा युरिया बंद करता येईल का?

बंद नाही करता येणार, थोडा कमी करता येईल. तुमचा दुसरा प्रश्न होता की अ‍ॅझोस्पिरिलम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि रासायनिक खत एकत्र कालवून टाकलं तर चालेल का. तसं अजिबात करू नका. मी स्वतः मक्याला दोन्ही देतो, पण वेगवेगळं.

आधी नत्राचा हिशेब बघा. एक टन दाणे भरताना मक्याचं पीक साधारण २० ते २५ किलो नत्र उचलतं. हेक्टरी ६ टन उत्पादन हवं असेल तर किमान १२० किलो नत्र कुठून तरी यायलाच हवं. अ‍ॅझोस्पिरिलम हवेतलं नत्र धरतो हे खरं, पण सोयाबीन-हरभऱ्यासारख्या गाठी मक्याच्या मुळांवर येत नाहीत. हे जिवाणू मुळांच्या आसपास राहतात आणि मुळं जी थोडी साखर बाहेर सोडतात तिच्यावर जगतात. नत्राचा एक रेणू फोडायला मात्र एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्च होतात. गाठीत राहणाऱ्या जिवाणूंना झाड ती ऊर्जा भरभरून पुरवतं, यांना नाही. त्यामुळे पिकाची थोडीच गरज यांच्याकडून भागते.

मग वापरायचं कशाला? मुळांसाठी, आणि माझ्या मते हाच त्यांचा खरा फायदा आहे. अ‍ॅझोस्पिरिलम ऑक्झिन हे संप्रेरक तयार करतो. त्याने मुळांना फांद्या जास्त फुटतात, केशमुळं दाट होतात, आणि तुम्ही दिलेलं खत वाहून जाण्याआधी पिकाच्या हाती लागतं. स्फुरदाला तर याची जास्तच गरज, कारण ते जमिनीत फारसं हलत नाही. चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी. पीएसबी जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. जमिनीत मुळात स्फुरदच नसेल तर मोकळं करायला काही उरत नाही, म्हणून माती परीक्षण आधी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: आसपास अमोनियम (युरियापासून जमिनीत तयार होणारं नत्राचं रूप) भरपूर असेल तर हे जिवाणू हवेतलं नत्र धरणं थांबवतात. पेरणीलाच सगळा युरिया ओतला की त्यांचं ते काम बंद. म्हणून नत्र तोडून द्या. थोडं पेरणीला, मोठा हिस्सा मका गुडघाभर झाल्यावर, उरलेलं तुरा येण्याआधी.

कालवायचं का नाही, तर खताचे क्षार जिवाणूंमधलं पाणी ओढून घेतात आणि ते मरतात. पेरताना रासायनिक खत बियाण्यापासून थोडं बाजूला आणि खोल पडू द्या. जिवाणू खत पावडर असेल तर किलोभर बियाण्याला प्रत्येकी २५ ग्रॅम, गुळाच्या थंड द्रावणात कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. संकरित बियाणं बहुधा रंगीत औषध लावूनच येतं. अशा बियाण्यावर मी जिवाणू लावत नाही. ओलसर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सरीत देतो. पाकीट उन्हात पडलेलं किंवा मुदत संपलेलं असेल तर घेऊच नका.

पहिल्याच हंगामात सगळ्या शेतावर खत कमी करू नका. तीन पट्टे ठेवा: एकात पूर्ण नत्र, दुसऱ्यात पाऊण नत्र, तिसऱ्यात पाऊण नत्र आणि जिवाणू. मधला पट्टा लोक सोडून देतात, पण तोच सांगतो की फरक जिवाणूंनी पडला की जमिनीतच नत्र पुरेसं होतं. कणसं वेगळी काढून दाण्याचं वजन करा, नुसत्या हिरवेपणावर जाऊ नका. आणि मधेच खालची पानं टोकाकडून, मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडायला लागली तर ती नत्राची कमतरता आहे. तिथे प्रयोग बाजूला ठेवा आणि ओल बघून युरिया द्या.