'फ्री डेरी'चं मराठी कसं करावं?

एका वाचकाचा प्रश्न आहे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरावरच्या लेखाचं भाषांतर करताना त्यांनी तिथल्या राजकीय चित्रांना सरसकट 'ग्राफिटी' म्हटलंय, आणि 'यू आर नाऊ एंटरिंग फ्री डेरी' या भिंतीवरच्या प्रसिद्ध ओळीचं 'आपण आता स्वतंत्र डेरीमध्ये प्रवेश करत आहात' असं केलंय. चालेल का?

माझ्या मते दोन्ही बदलावं.

आधी 'स्वतंत्र'. जानेवारी १९६९ मध्ये पोलीस रात्रीच्या वेळी बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत घुसले आणि त्यांनी घरांवर हल्ले केले. मग रहिवाशांनी रस्त्यांवर अडथळे रचले, पोलिसांना वस्तीत यायला मज्जाव केला, आणि घरांच्या रांगेतल्या टोकाच्या घराच्या बाजूच्या भिंतीवर ही ओळ रंगवली. वेगळं राष्ट्र कुणी जाहीर केलं नव्हतं. कुणाच्या तरी अमलाखालून वस्ती सुटली, एवढाच दावा होता. याला मराठीत 'मुक्त' हा शब्द तयार आहे. देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण मराठवाड्यात झाला तो मुक्तिसंग्राम, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला. मात्र 'मुक्त' आधी आणि 'डेरी' नंतर, हा क्रम मोडू नका. 'डेरीमुक्त' म्हटलंत की थेट 'तंटामुक्त गाव' आणि 'हागणदारीमुक्त गाव' यांच्या पंगतीला जाऊन बसाल.

आता 'प्रवेश करत आहात'. अर्थ बरोबर आहे, पण त्यातली खोच गेली. ती ओळ सरकारी पाटीची नक्कल आहे. हद्द आखून द्यायचा हक्क सरकारचा, तो वस्तीने उचलून स्वतःच्या भिंतीवर लावला. आपल्या रस्त्यांवरच्या पाट्या 'प्रवेश करत आहात' असं बोलत नाहीत, त्या 'हद्द सुरू' म्हणतात. म्हणून मी लिहीन: 'मुक्त डेरीची हद्द येथून सुरू'. कोरडं वाटेल, पण मूळ ओळही कोरडीच आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये ब्रिटिश गृहमंत्री जेम्स कॅलहन तिथे आले, त्याच सुमारास ती पांढऱ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत नीट रंगवली गेली. नंतर मागचं घर पाडलं, भिंत तेवढी ठेवली. आज ती त्रिकोणी माथ्याची भिंत रस्त्यालगत एकटीच उभी आहे. निरनिराळ्या निमित्तांनी तिचा रंग बदलतो, अगदी गुलाबीसुद्धा होतो, पण शब्द तेच राहतात.

या एका भिंतीला 'ग्राफिटी' म्हटलं तर मी भांडणार नाही, कारण तिच्यावर फक्त अक्षरं आहेत. तरी मराठी वाचकाच्या मनात 'ग्राफिटी' म्हणजे एका दैनिकात विटांच्या भिंतीवर छापून यायचं ते एका ओळीचं चुटकुलं. साधं 'भिंतीवरची घोषणा' म्हणा.

तिथून जवळच रॉसव्हिल स्ट्रीटवर 'बॉगसाइड आर्टिस्ट्स' या तिघा चित्रकारांनी १९९० च्या दशकापासून इमारतींच्या भिंतींवर बारा प्रचंड चित्रं काढली. त्यांना ग्राफिटी म्हणणं मात्र अगदीच चूक. ती भित्तिचित्रं. ('भित्ती' एकटा आला तर दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व. 'भित्तीचित्र' लिहू नका.) या शब्दाला एकच अडचण आहे: तो ऐकला की आपल्याला अजिंठा आठवतो, हात लावायचा नाही अशी जपलेली वस्तू. डेरीत भिंत पुन्हा रंगवली जाते, आणि चित्राचा अर्थच त्या रंगवण्यात असतो. १९७१ मध्ये गोळीबारात मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं चित्र बघा. शाळेच्या गणवेशात ती उभी, मागे पडझड, बाजूला बंदूक, वर फुलपाखरू. १९९९ मध्ये काढलं तेव्हा बंदूक अखंड होती आणि फुलपाखरात रंग नव्हते. कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षानंतरची शांतता टिकतेय असं दिसल्यावर, २००६ मध्ये, चित्रकारांनी बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरू रंगवलं. म्हणून लेखात 'भित्तिचित्र' वापरा, पण अधूनमधून 'भिंत रंगवली' असंही येऊ द्या. निवडणुकीच्या दिवसांत आपण ज्या अर्थाने भिंती रंगवतो, तो राजकीय वासही त्यात आपोआप येतो.

'स्ट्रीट आर्ट'ला 'पथचित्र' करण्याचा मोह टाळा. पथनाट्य रस्त्यावर होतं, हे भिंतीवर असतं. स्ट्रीट आर्टच ठेवा, कळतं सगळ्यांना.

पलीकडे फाउंटन ही प्रोटेस्टंट वस्ती आहे. फुटपाथच्या कडा ब्रिटिश झेंड्याच्या रंगांत, लाल-पांढऱ्या-निळ्या, आणि भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर: अजूनही वेढ्यात आहोत, शरण जाणार नाही. १६८९ मध्ये कॅथलिक राजाच्या सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्याचा हा संदर्भ, आणि 'वेढा' शब्द आपल्याला पन्हाळ्यापासून ठाऊक आहे. मात्र अशा वस्तीतल्यांना लावला जाणारा शब्द 'लॉयलिस्ट', त्याचं 'निष्ठावंत' करू नका. आजच्या महाराष्ट्रात तो शब्द वाचताच 'कोणत्या गटाचे?' असं विचारलं जाईल. 'ब्रिटनशी एकनिष्ठ' लिहा.

राहिलं गावाचं नाव. आयरिश 'Doire', म्हणजे ओकची राई, यावरून डेरी. १६१३ च्या सनदेने नावाच्या आधी 'लंडन' चिकटून 'लंडनडेरी' झालं. कोण काय म्हणतो त्यावरून त्याची बाजू कळते, तेव्हा मूळ लेखात बोलणाऱ्याच्या तोंडी जे असेल तेच ठेवा.