दाढेतलं सिमेंट काढून टाकू का?

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. खालच्या दुधाच्या दाढेला कीड लागली म्हणून डॉक्टरांनी पांढरं सिमेंट भरलं आणि म्हणाले यातून फ्लोराइड सुटत राहतं, ते चांगलं असतं. पण आमच्या गावात बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, मोठ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, मग हे अजून पोटात जाऊन त्रास नाही का होणार? सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ पडणारच, भरली कशाला. काढून टाकू का?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, अजिबात काढू नका. तुमची भीती मला कळते, पण ती पाण्याबद्दल धरा, सिमेंटबद्दल नको. हे सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर, फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि एक सौम्य आम्ल कालवून करतात, १९७० च्या आसपास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी शोधलेलं. पहिले एक-दोन दिवस त्यातून फ्लोराइड जास्त सुटतं, मग अगदी थोडं थोडं, आणि त्यातलं काही भोवतीच्या दातालाच लागतं. पोटात जाणारा हिशोब पाण्याचा आहे, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं की ते रोज पिणं धोक्याचं, आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं! म्हणून आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, जास्त निघालं तर पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचं किंवा दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा, कारण यापुढे येणारे पक्के दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत, डाग त्यांच्यावर पडतात.

सासूबाईंना सांगा, मागच्या दुधाच्या दाढा १०-१२ व्या वर्षापर्यंत टिकाव्या लागतात, तोवर पोरीने जेवायचं कशाने? आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की मग सूज, पू, रात्रीची रडारड, शिवाय दाढ लवकर काढावी लागली तर बाजूचे दात सरकून पक्क्या दाताची जागा खातात.

आता एक खरं सांगते, सिमेंट भरलं म्हणजे कीड लागणारच नाही असं नाही. सिमेंटची राखण त्याच्या स्वतःच्या कडेपुरती. बिस्किट, चॉकलेट, चहात बुडवलेला टोस्ट, दिवसभर थोडं थोडं चाललं की तोंडातलं आम्ल दाताचं खनिज ओढतच राहतं आणि बाकीच्या दाढा उघड्या पडतात. रात्री जेवून झाल्यावर तुम्ही स्वतः ब्रश करून द्या, या वयात मुलांचा हात मागपर्यंत पोचत नाही. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच, गिळायची नाही, थुंकायची, मग खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातावर राहू दे. गंमत म्हणजे त्याच पेस्टमधलं थोडं फ्लोराइड हे सिमेंटसुद्धा शोषतं आणि परत सोडतं. सिमेंट जरा ठिसूळ असतं, कड तुटली किंवा झिजलं तर लगेच दाखवा. मोठा खड्डा असेल तर दुधाच्या दाढेवर स्टीलची टोपी बसवतात, ती जास्त टिकते.

आणि आज रात्रीच एक करा. मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या तोंडात अगदी मागे बघा, दुधाच्या दाढांच्या पलीकडे हिरडीतून नवी दाढ डोकावतेय का? सहाव्या वर्षी येणारी ही दाढ पक्की असते, तिच्या जागी दुसरी येत नाही, पण तिच्यासाठी दुधाचा एकही दात न पडता गुपचूप मागे उगवते म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, त्यात अन्न अडकतं आणि ब्रशचं टोक आत जात नाही. दाढ दिसली की डॉक्टरांना त्या चिरा सिमेंटने किंवा सीलंटने (चिरा बुजवणाऱ्या पातळ लेपाने) बंद करता येतील का ते विचारा.