माझा लॅब्रेडॉर बॉलसाठी सगळं ऐकतो, पण कारवान कुत्री खेळण्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला कसं शिकवू?

तुमची कारवान मठ्ठ नाही, हट्टीही नाही. तुम्ही तिच्यापुढे लॅब्रेडॉरचा खेळ मांडताय, एवढंच. माझ्या घरी हीच जोडी आहे आणि सुरुवातीचे कित्येक महिने मीही तिला बॉलच दाखवत राहिलो.

कुत्र्याला बॉलचं अप्रूप नसतं, बॉलमुळे जे करायला मिळतं त्याचं असतं. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, झिंजाडणं, फाडणं हे शिकारीचे टप्पे, आणि माणसाने एकेका जातीत यातला एकेक टप्पा वाढवत नेला. पाडलेलं बदक न चावता उचलून आणणं हे लॅब्रेडॉरचं काम, म्हणून तोंडात काही धरलं की तो खूश. कारवान आपल्याकडे माळरानावर सशामागे धावण्यासाठी जपली गेली. पडलेला बॉल तिच्या लेखी दगड.

मी जुन्या जीन्सचा पाय कापून गाठ मारली आणि चार फूट दोरीने बांबूला बांधली. ही चिंधी जमिनीलगत ओढायची, आणि नेहमी कुत्रीपासून लांब. बहुतेक जण खेळणं कुत्र्याच्या तोंडापुढे नाचवतात. ससा कधी शिकाऱ्याकडे पळत येत नाही. पहिल्या दिवशी मी चिंधी दोनदा झटकन पळवली, मग कुंडीमागे नेऊन थांबवली. तिचे कान पुढे आले, मान खाली गेली, मागचा एक पाय थरथरला आणि तिने झेप घेतली. दोन-तीन धावांत एकदा तरी तिला पकडू द्या, नाहीतर ती नाद सोडते. मिनिटभरात, तिला अजून हवं असतानाच, चिंधी कपाटात. आठवडाभराने बांबू स्थिर धरून ‘बस’ म्हणा. बूड टेकलं त्याच क्षणी ‘शाब्बास’, आणि चिंधी पळाली पाहिजे.

लॅब्रेडॉरचं दुखणं उलटं. बॉल दिसला की त्याचं डोकं चालत नाही, म्हणून बॉल खिशात ठेवा आणि काम झाल्यावरच काढा. नवीन धडा उकडलेल्या चिकनच्या तुकड्यावर शिकवा. पक्क्या धड्याला वेग आणायला बॉल. तोंडातून बॉल हिसकावू नका. दुसरा तसाच बॉल दाखवा, पहिला तो आपणहून टाकतो. बॉल मात्र घशात अडकणार नाही एवढा मोठा हवा.

दोघांना एकत्र शिकवू नका. एकाचा खेळ चालू असताना दुसरा घरात, दार लावून. आणि कारवान अजून वर्षाच्या आतली असेल तर चिंधी सरळ रेषेत ओढा. गर्रकन वळवू नका, उंच उडवू नका, फरशीवर तर अजिबात नको. वाढीच्या वयात सांध्यांना इजा लवकर होते. दात बदलत असतील तर चिंधी तिच्या तोंडात असताना ओढाताणही नको.