ग्रास्टेट फाइल उडवू नका, आधी दोन्ही सर्व्हरची कॉपी घ्या

तुमची गोष्ट थोडक्यात अशी: अंबडला कारखाना, सिन्नरला गोदाम, दोन्हीकडे मारियाडीबी या डेटाबेसचा एकेक सर्व्हर आणि मध्ये गॅलेरा, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी सतत सारख्या ठेवणारी व्यवस्था. खोदकामात दोघांना जोडणारी केबल तुटली, काम दोन्हीकडे चालूच राहिलं आणि आता एकाच नंबरची दोन-दोन चलान निघालीत. सपोर्टवाला म्हणतोय, सिन्नरची ग्रास्टेट फाइल (आपण कुठल्या नोंदीपर्यंत पोचलोय हे सर्व्हर जिथे लिहून ठेवतो ती) उडवा, सर्व्हर परत जोडा, सगळं आपोआप जुळेल.

काहीही जुळणार नाही. ती फाइल गेली की सर्व्हर स्वतःला कोरा समजतो आणि दुसऱ्याकडून पूर्ण डेटा मागवतो. सिन्नरच्या नोंदी पुसल्या जाऊन त्यांच्या जागी अंबडची प्रत बसेल. लाइन बंद असताना गोदामात जे काही झालं ते गेलंच म्हणून समजा.

आमचं पिंपळगाव बसवंतचं द्राक्षांचं पॅकहाउस, ऑफिस नाशकात. ऐन सीझनमध्ये संध्याकाळी दोघांना जोडणारी लाइन गेली, रात्रभर पॅकिंग चाललं, पॅलेटवर स्टिकर लागत राहिले. सकाळी ठेकेदार कंपनीच्या सपोर्टने रिमोट घेतला आणि तुम्हाला सांगितलंय तेच केलं. कोल्ड स्टोअरमध्ये पॅलेट उभे, आणि सिस्टीममध्ये त्यांचा पत्ता नाही! निर्यातीच्या द्राक्षांत प्रत्येक खोक्याचा माग बागेपर्यंत लागावा लागतो, ग्रेपनेटवर, म्हणजे त्यासाठीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, ते दाखवावं लागतं. मग स्टिकर वाचत आणि वॉचमनच्या वहीतल्या गाड्यांच्या वेळा लावत सगळं पुन्हा भरलं. कंटेनर तोवर खोळंबला. आणि सपोर्टचा मेल काय आला? ‘तक्रार निकाली, कृपया रेटिंग द्या.’ जुनी कॉपी मागितली तर म्हणाले, बॅकअप करारात नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आता मूळ दुखणं. दोनच सर्व्हर असले की लाइन तुटल्यावर प्रत्येकाकडे निम्मी मतं उरतात, बहुमत कोणाकडेच नसतं. अशा वेळी गॅलेरा दोन्हीकडचं काम थांबवतो, आणि तेच बरोबर आहे. तुमचं थांबलं नाही, म्हणजे ‘पीसी इग्नोअर एसबी’ ही, असं तुटल्यावरही काम चालू ठेवणारी सेटिंग कोणीतरी चालू केलेली असणार, किंवा लाइन गेल्यावर हाताने बूटस्ट्रॅप केलं असणार, म्हणजे सर्व्हरला ‘तू एकटाच चालू राहा’ असं सांगितलं असणार. आमच्याकडे ती सेटिंगच होती. ‘लाइन गेली की सिस्टीम बंद पडते’ अशी ओरड नको म्हणून ठेकेदार ती परस्पर चालू करून मोकळे होतात. कॉन्फिग फाइल उघडून बघा.

एकच नंबर दोनदा का आला, तेही यातच आहे. नवीन नोंदीला आपोआप पुढचा नंबर मिळतो (ऑटो-इन्क्रिमेंट), त्याची उडी गॅलेरा क्लस्टरमधल्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या, सर्व्हरच्या संख्येवर ठरवतो. दोघं जोडलेले असताना उडी दोनाची, त्यामुळे टक्कर होत नाही. तुटल्यावर प्रत्येकाला वाटतं मी एकटाच, उडी एकाची होते आणि दोघं तेच नंबर वाटत सुटतात. ते आपोआपचं नियंत्रण बंद करून उडी आणि सुरुवात दोन्ही हाताने ठरवून टाका. चलानची सीरिज तर जागेप्रमाणे वेगळीच हवी, अंबडची ‘अं’ आणि सिन्नरची ‘सि’.

आज करायचं ते एवढंच: दोन्ही सर्व्हर नीट बंद करा, दोन्हीकडचं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती कॉपी तिसऱ्या मशीनवर उघडतेय का ते बघा. मगच जुळवाजुळव. ती हातानेच करावी लागेल, त्यासाठी जादूची कमांड नाही. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेचं 2018 सालचं प्रकरण वाचा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं नेटवर्क केंद्र आणि तिथलंच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क 43 सेकंद तुटला, पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी पडल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. त्यांच्याकडे माणसांची फौज होती, आपल्याकडे एक ऑपरेटर आणि त्याचा मोबाइल.

पुढे तिसरं मत हवंच. अख्खा सर्व्हर परवडत नसेल तर गॅलेराचा आर्बिट्रेटर, म्हणजे फक्त मत देणारा गार्बडी हा प्रोग्राम, चालतो. तो डेटा साठवत नाही, पण सगळी वाहतूक त्याच्यापर्यंत जाते, त्यामुळे त्याची लाइन अगदीच मरतुकडी नको. आणि तो अंबडच्याच रॅकमध्ये ठेवू नका, तिथली वीज गेली की दोन मतं एकदम जातील. मुंबईतलं क्लाउडवरचं छोटं मशीन पुरेल. ‘दोन कंपन्यांच्या दोन लाइन आहेत’ यावरही विसंबू नका, दोन्ही केबल एकाच चरातून गेलेल्या असतात. सिंहस्थाच्या कामांत जेसीबी कंपनीचं नाव बघून खोदत नाही.

माझं मत विचाराल तर गोदामाला गॅलेरा नकोच. गाडी दारात उभी असताना ‘बहुमत नाही, थांबा’ हे कोण ऐकून घेणार? सिन्नरने आपल्या नोंदी आपल्या सर्व्हरवर लिहाव्यात, अंबडला त्यांची एकतर्फी कॉपी जावी, उशिरा पोचली तरी चालतंय. अर्थात मी काही डेटाबेसचा पंडित नाही, आणि तुमचं सॉफ्टवेअर हे झेपवेल की नाही ते बनवणाऱ्यालाच विचारा.

जुळवताना ई-वे बिलाच्या पोर्टलवरची त्या दिवसांची यादी काढा. ज्या चलानांची ई-वे बिलं निघाली त्यांच्यावर कोणती गाडी गेली हे तिथे मिळेल, आणि ती यादी तुमच्या दोन्ही सर्व्हरच्या बाहेरची आहे. दुहेरी नंबरांपैकी कोणता ठेवायचा हे मात्र सीएंना विचारल्याशिवाय ठरवू नका.