मेथडिस्ट, पद्धत आणि पायंडा

प्रश्न असा आला आहे : "अमेरिकेतल्या मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय नेतृत्व घडवण्याचं काम आणि वांशिक न्यायाचा लढा यांवरची एक पुस्तिका मराठीत आणतो आहे. 'मेथडिस्ट'साठी 'पद्धतवादी' हा शब्द एका स्नेह्यांनी सुचवला. तो चालेल का? आणि चर्चमधल्या 'लीडर'ना सरसकट 'धर्मगुरू' म्हणावं का?"

दोन्ही नकोत.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'इस्ट' दिसलं की त्याला 'वादी' चिकटवायची खोड आपल्याला लागली आहे. डेंटिस्टला आपण दंतवादी म्हणत नाही, टायपिस्टला टंकवादी म्हणत नाही. मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ आहे, कुठला वाद नव्हे. मुंबई-पुण्यातले मराठी मेथडिस्ट स्वतःला मेथडिस्टच म्हणवतात. तो शब्द आहे तसा ठेवा.

'धर्मगुरू'ने तर तुमच्या पुस्तिकेचा विषयच पुसला जाईल. उपदेशक, डीकन, पाळक, बिशप या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि कृष्णवर्णीय माणसाला कुठल्या पायरीवर अडवलं, यावरच सगळं भांडण झालं. हॅरी होझियर हा बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरींबरोबर गावोगाव फिरणारा कृष्णवर्णीय उपदेशक. त्याला ऐकायला गोरे लोकही गर्दी करत, पण पाळकपदाची दीक्षा त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. त्याला 'धर्मगुरू' म्हटलंत, तर त्याला जे नाकारलं गेलं ते तुम्ही कागदावर देऊन टाकता आणि नाकारणारे सुटतात.

आता मुळाकडे येऊ.

'मेथड' हा ग्रीक 'मेथोडोस'. मेटा म्हणजे मागोमाग, होडोस म्हणजे वाट. वाटेमागून जाणं, असा तो शब्द. याच होडोसपासून 'सिनॉड' (चर्चची सभा) आला, म्हणजे एका वाटेने एकत्र येणं, आणि 'एक्झोडस'ही आला, म्हणजे बाहेर पडायची वाट. मराठी बायबलात 'एक्झोडस' या पुस्तकाचं नाव 'निर्गम' आहे, आणि ते नेमकं आहे.

आपली 'पद्धती' पाहा. पद् अधिक हति, पायांनी तुडवली गेलेली ती पद्धती. तद् आणि हित मिळून तद्धित होतं, उद् आणि हार मिळून उद्धार होतो, तसाच इथेही 'ह'चा 'ध' झाला. 'पाद'चा 'पद्' होण्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्रच दिलं आहे : हिमकाषिहतिषु च (६.३.५४). म्हणजे पद्धतीचा पहिला अर्थ नियम नाही, शिस्त नाही, प्रणाली तर नाहीच. पायवाट! मराठीने हे मनात जपून ठेवलं आहे, म्हणून आपण 'वाट पडते' म्हणतो तसंच 'पद्धत पडते' म्हणतो. पायंडाही पडतोच, आणि त्यात तर पाय उघडच दिसतो. वहिवाटीत वाट आहे. रूढीसाठीचे आपले इतके शब्द जमिनीवरून, पायाखालून आलेले आहेत आणि आपण ते सगळे कायद्याच्या पुस्तकातून आल्यासारखे वापरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोशांमध्ये 'मेथडिस्ट'ची एक वेगळी कूळकथा सांगतात : प्राचीन काळी वैद्यांचा एक पंथ या नावाचा होता, त्यावरून ऑक्सफर्डमध्ये, ज्यांच्यापासून हा पंथ सुरू झाला त्या वेस्ली बंधूंच्या मंडळाला हे नाव चिकटलं. जॉन वेस्लीने स्वतः ती आठवण दिली आहे, म्हणून लोक ती डोळे मिटून उचलतात. मला ती पटत नाही. वेळेवर प्रार्थना, वेळेवर उपास, ठरल्या दिवशी तुरुंगातल्या कैद्यांची भेट असं वागणाऱ्या पोरांना चिडवायला कुणाला ग्रीक वैद्य कशाला आठवावे लागतील? आणि त्याच वेस्लीने १७५३च्या आपल्या इंग्रजी कोशात अर्थ काय दिला? बायबलात घालून दिलेल्या मेथडप्रमाणे जगतो तो मेथडिस्ट. घालून दिलेली वाट आणि त्या वाटेने जाणारा माणूस. वैद्यांचा तिथे मागमूस नाही.

वाटेचा हा अर्थ धरला की फिलाडेल्फियाची हकीकत वेगळीच कळते. सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये अ‍ॅब्सलम जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना धरून उठवायला गेले, कारण ती जागा कृष्णवर्णीयांची नव्हती. प्रार्थना संपताच रिचर्ड अ‍ॅलन, जोन्स आणि बाकीचे सगळे एकजुटीने उठून बाहेर पडले. अ‍ॅलन १७८७ साल देतात. हा प्रसंग चर्चच्या सज्जात घडला आणि सज्जाचं बांधकाम नंतरचं, म्हणून काही इतिहासकार १७९२कडे झुकतात. साल कुठलंही धरा, हा निर्गमच होता. पण अ‍ॅलननी मेथडिस्ट हे नाव सोडलं नाही. १७९४मध्ये बेथेल चर्च उभं राहिलं, १८१६मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं आणि जन्माने गुलाम असलेले अ‍ॅलन त्याचे पहिले बिशप झाले. चर्चमधून बाहेर पडूनही ते मेथोडोसवरच राहिले.

याच अ‍ॅलनकडे जरीना ली उपदेश करायची परवानगी मागायला गेल्या, तेव्हा अ‍ॅलन म्हणाले की स्त्रियांनी उपदेश करावा असं आमच्या नियमावलीत कुठेच नाही. आपण म्हणतो ना, 'आमच्यात तशी पद्धत नाही'? तेच. पुढे सुमारे आठ वर्षांनी बेथेलमध्ये एक उपदेशक मध्येच अडखळला आणि ली आपण होऊन उभ्या राहून बोलल्या. अ‍ॅलननी तिथल्या तिथे आपलं मत बदललं. लींच्या आत्मकथनात एक हिशेब आहे : चार वर्षांत सोळाशे मैल प्रवास, त्यातले दोनशे अकरा मैल पायी. पद् अधिक हति याहून शब्दशः दाखवता येणार नाही.

या शब्दाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आपल्याकडे 'पद्धतशीर' हा चांगला शब्द आता जास्त करून कुणालातरी 'पद्धतशीर गंडवलं' यासाठीच ऐकू येतो. मी यावर बरीच वर्षं चिडत आलो. मग बायबलातल्या इफिसकरांस पत्रात, ग्रीक मुळात, 'मेथोडेइआ' भेटला. तो होडोसच्याच घरातला, आणि अर्थ डावपेच, तेही सैतानाचे. म्हणजे वाटेमागून जाणं आणि पाठलाग करून कोंडीत पकडणं हे दोन्ही एकाच शब्दातून निघाले.

१९३९चं एकीकरण ही मेथोडेइआ होती. गुलामीच्या प्रश्नावरून १८४४मध्ये फुटलेले अमेरिकी मेथडिस्ट तेव्हा पुन्हा एक झाले, पण अट काय? पाच अधिकारक्षेत्रं भूगोलावर आणि सहावं, सेंट्रल ज्युरिस्डिक्शन, कातडीच्या रंगावर. बहुतेक कृष्णवर्णीय चर्चं, मग ती कुठल्या का राज्यात असेनात, या सहाव्यात. १९३६च्या सभेत ४७ कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी ३६ जणांनी विरोधात मत दिलं, तरी ठराव झाला. त्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय बिशप निवडले जात, पण कृष्णवर्णीयांवरच. १९६४मध्ये प्रिन्स टेलर न्यू जर्सीला आणि जेम्स थॉमस आयोवाला, बहुसंख्य गोऱ्या मंडळींचे बिशप म्हणून नेमले गेले. १९६८मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं तेव्हा ते सहावं क्षेत्र गेलं. त्याच वर्षी ब्लॅक मेथडिस्ट्स फॉर चर्च रिन्यूअल ही संघटना उभी राहिली, कारण कागदावरची भिंत पडली म्हणून खुर्च्या आपोआप मिळत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लिओंटीन केली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री या चर्चची बिशप व्हायला १९८४ साल उजाडलं.

तुमच्या पुस्तिकेत जेम्स लॉसन असतीलच. नसतील तर घाला. कोरिया युद्धात सैन्यात जायला नकार देऊन तुरुंगात गेलेला हा मेथडिस्ट तरुण १९५३मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात आला. तीन वर्षं राहिला, गांधींचा सत्याग्रह समजून घेतला आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बसबहिष्काराची बातमीही त्याने नागपुरातच वाचली. परत गेल्यावर नॅशव्हिलच्या क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चमध्ये त्याने विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले : शिवी आली, थुंकी आली, ठोसा आला तरी जागा कशी सोडायची नाही. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत गाजलेले जॉन लुइस आणि डायान नॅश त्याच वर्गातले. १९६०मध्ये ही मुलं दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली आणि लॉसनना ते शिकत होते त्या विद्यापीठाने काढून टाकलं.

अशा ठिकाणी 'लीडर'ला मी 'पुढारी'सुद्धा म्हणणार नाही. लॉसन यांना पाळक म्हणा, त्या मुलांना कार्यकर्ते म्हणा, आणि 'लीडरशिप डेव्हलपमेंट'ला 'नेतृत्वविकास' न म्हणता 'माणसं तयार करणं' म्हणा. नागपुरात कुठल्याही संघटनेत हेच म्हणतात.