सहलीची तारीख बदलली, मग परताव्याचा हक्क गेला का?

प्रश्न (२०२१ च्या सुरुवातीचा) : मे २०२० मध्ये आम्ही तीन कुटुंबं मिळून सहलीला जाणार होतो. विमान, हॉटेल असं सगळं एकत्र पॅकेज टूर कंपनीकडून जानेवारीतच घेतलं. पैसे सगळ्यांचे, बुकिंग माझ्या नावावर. लॉकडाऊनमुळे सहल रद्द झाली आणि कंपनीने न विचारता क्रेडिट नोट (पैशांऐवजी पुढच्या बुकिंगला वापरायची जमा पावती) पाठवली. ऑक्टोबरमध्ये मी व्हॉट्सॲपवर डिसेंबरची तारीख मान्य केली आणि वाढलेल्या दराचा फरकही भरला. डिसेंबरमध्ये डॉक्टरांनी सासूबाईंना प्रवासाला मनाई केली, म्हणून निघायच्या आधी आम्ही पुन्हा तारीख पुढे मागितली. डिसेंबरची विमान तिकिटं कंपनीने शेवटपर्यंत पाठवलीच नव्हती. आता ते निम्मी रक्कम कापू म्हणतात आणि उरलेली ३१ मार्च २०२१ पर्यंतच वापरा म्हणतात. धाकटे दीर त्यांचा वाटा माझ्याकडे मागताहेत. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कोरोनाबद्दल बरंच लिहिलं आहे आणि ऑक्टोबरमधल्या त्या व्हॉट्सॲपबद्दल एकच ओळ आहे. माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं आहे.

मे महिन्यात तुमची बाजू भक्कम होती. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशांतर्गत प्रवासी विमानसेवा बंद होती. सहल घडवून आणणं कंपनीच्या हातातच नव्हतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ नुसार असा करार रद्दबातल ठरतो आणि कलम ६५ नुसार ज्याने पैसे घेतले त्याने ते परत करायचे किंवा भरपाई द्यायची. अर्थात बुकिंगच्या अटींत अशा आपत्तीसाठी वेगळी तरतूद असेल, तर आधी ती पाहावी लागते. म्हणून अटींचा तो बारीक अक्षरांतला कागद शोधून ठेवा. कंपनीने न विचारता पाठवलेल्या क्रेडिट नोटने तुमचा हक्क जात नव्हता. समोरच्याने परस्पर काही पाठवलं आणि आपण गप्प राहिलो, एवढ्याने होकार होत नाही.

पण ऑक्टोबरमध्ये तुम्ही गप्प राहिला नाहीत. नवी तारीख मान्य केलीत आणि वर फरकही भरलात. कलम ६२ सांगतं की दोघांनी मिळून जुन्या कराराच्या जागी नवा करार केला, तर जुना पाळण्याची गरज उरत नाही. कंपनीचा वकील हेच पुढे करणार, आणि फरकाची पावती त्याच्या हातातला सर्वांत चांगला कागद असेल. तुम्ही म्हणाल, दुसरा पर्याय दिलाच नव्हता. खरं आहे, आणि हा मुद्दा मांडायलाही हवा. मात्र ‘परताव्याचा हक्क राखून तारीख बदलत आहोत’ असं एक वाक्य तेव्हा लिहिलं असतं, तर आज माझं उत्तर अर्ध्या पानात संपलं असतं.

डिसेंबरची गोष्ट आणखी वेगळी. तेव्हा विमानं उडत होती. सासूबाईंना न नेण्याचा निर्णय शहाणपणाचाच होता, पण कायद्याच्या भाषेत ती अशक्यता नव्हे. ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की करार पाळणं अवघड किंवा महाग झालं, एवढ्याने कलम ५६ लागू होत नाही. त्यामुळे दुसरी सहल तुम्ही रद्द केली, असंच धरलं जाण्याची शक्यता जास्त.

म्हणजे सगळं गेलं का? नाही. विमानाचे पैसे आणि हॉटेलचे पैसे वेगळे काढा. कंपनीला ते एकत्रच ठेवायचे आहेत, कारण त्यात तिची सोय आहे.

विमानाबद्दल ‘प्रवासी लीगल सेल’ प्रकरणातला १ ऑक्टोबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. लॉकडाऊनआधी काढलेलं आणि २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाचं तिकीट रद्द झालं असेल, तर विमान कंपनीने १५ दिवसांत परतावा द्यायचा प्रयत्न करायचा. आर्थिक अडचण असेल, तर क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी तेवढ्या भाड्याची जमा रक्कम, द्यायचं. त्याची मुदत ३१ मार्च २०२१, आणि रकमेत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे दरमहा पाऊण टक्का वाढ. ते दुसऱ्याच्या नावेही करता येतं. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा एजंटच्या खात्यातून येतो, आणि तुमची खरी गोची इथे आहे. विमान कंपनीने पैसे किंवा क्रेडिट शेल टूर कंपनीला केव्हाच दिलं असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

तेव्हा आजच टूर कंपनीला ईमेल करा. मे महिन्याच्या सर्व तिकिटांचे पीएनआर, प्रत्येक प्रवाशाचं भाडं, विमान कंपनीकडून परतावा आला की क्रेडिट शेल, कोणत्या तारखेला आणि ते कुणासाठी वापरलं, हे सगळं मागा. पीएनआर हाती आला की विमान कंपनीकडेही थेट लेखी विचारा. फोनवर बोलू नका. बोललातच, तर ‘आताच्या बोलण्यानुसार’ म्हणून लगेच ईमेल टाका. तुमची मेची तारीख २४ च्या आत होती ना, एवढं तपासा. त्यापुढच्या प्रवासाला हा निकाल तसाच लागू होत नाही, तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नेहमीचे नियम लागतात. आणि हे सगळं मार्च २०२१ संपायच्या आत करा.

हॉटेलच्या पैशांत तडजोडीची तयारी ठेवा, पण निम्मी कपात मुकाट्याने मान्य करू नका. करारात कपातीचा आकडा लिहिलेला असला तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसान झालं असेल तरच ती मिळते, हे ‘कैलाशनाथ असोसिएट्स’ प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणून त्याच ईमेलमध्ये विचारा, हॉटेलने तुमच्या बुकिंगपोटी खरोखर किती पैसे कापले? हॉटेलचं पत्र किंवा बिल दाखवा. हा प्रश्न विचारल्यावर बऱ्याच कंपन्यांचा सूर बदलतो, कारण अनेकदा हॉटेलने काहीच कापलेलं नसतं.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नोटीस द्या, मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. व्हॉट्सॲप चॅट मात्र डिलीट करू नका, नको असलेले तुमचे मेसेजसुद्धा ठेवा. दुसऱ्या बाजूकडे ते आहेतच.

आता दीर. सहल तुम्ही विकली नव्हती. सगळ्यांच्या संमतीने पैसे गोळा करून पुढे भरलेत, तर कंपनीने अडवलेले पैसे स्वतःच्या खिशातून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. जे परत येईल त्यातला त्यांचा वाटा मात्र लगेच द्यावा लागेल. एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : ऑक्टोबरमध्ये तारीख मान्य करताना त्यांना विचारलं होतं का? फॅमिली ग्रुपवर त्यांचा होकार असेल, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. विचारलं नसेल, तर त्यांच्या रागाला थोडा कायदेशीर आधार आहे आणि वाद न वाढवता त्यांच्याशी बसून बोललेलं बरं. कंपनीला जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची प्रत त्यांना पाठवा. तक्रार करायची वेळ आली, तर अर्जावर त्यांचीही सही घ्या.